तलावात गवत लावणारी शकुनबाई

उमरटोलीच्या मोठ्या तलावाच्या एका टोकावरून शकुनबाई मारबतेने कोणाला हाक मारली, की पलीकडच्या टोकावरचे बगळे आधी उडतात आणि मग तो माणूस वळून बघतो. गावात मोबाईलचा टॉवर उभा राहिला तेव्हा तिचा नवरा सुखराम म्हणाला होता, "आमच्या घरी तं हा पयलेच हाय." हे वाक्य लोकांच्या लक्षात राहिलं, कारण त्या वर्षी सुखराम एवढंच बोलला. त्या घराचं बाकीचं वर्षभराचं बोलणं शकुनबाई एकटी उरकते.

शकुनबाई ढिवराची लेक आणि ढिवराचीच सून. साठी उलटून दोन वर्षं झाली. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, पायात चांदीची जाडजूड जोडवी आणि चाल अशी की सोबत चालणाऱ्याला पळावं लागतं. शाळेत ती तीन दिवस गेली होती. चौथ्या दिवशी बापाबरोबर डोंग्यात बसून जाळं टाकायला गेली आणि परत वर्गात आलीच नाही. मास्तर घरी विचारायला आले तेव्हा म्हणाली, "माही बदली झाली."

माणसं ती माशांवरून ओळखते. कोणत्या पाण्यात कोण तग धरतो, यावर तिचं सगळं शास्त्र उभं आहे. तिचा भाचा चंद्रकुमार हा मच्छीमार सोसायटीचा अध्यक्ष. तो मागुर. "चिखलात टाका, नालीत टाका, मिशा हालवत जिता रायते." मोठा जावई मरळ. पाणी आटलं तर तोंड वर काढून हवा पिऊन घेईल, पण सासुरवाडीतली जेवणाची जागा सोडणार नाही. आणि धाकटी सून खुशबू म्हणजे झिंगा. झिंगा बोटाच्या पेराएवढा, काचेसारखा आरपार दिसणारा. पाणी जरा बिघडलं की सगळ्यात आधी तोच नाहीसा होतो. "थे आपल्या घरात टिकली म्हनजे आपलं घर चांगलं हाय," असं शकुनबाई चारचौघांत सांगायची. आपल्याला झिंगा म्हणतात याचा खुशबूला आधी राग यायचा. मग अर्थ कळला आणि तिने त्याचं हत्यार केलं. सासूचा आवाज चढला की ती पोळी लाटता लाटता शांतपणे म्हणते, "आई, पानी खराब होऊन रायलं." शकुनबाई जागच्या जागी गप्प. एवढ्या मोठ्या बाईला गप्प करणारी ती गावातली एकमेव व्यक्ती.

घरात झिंगा टिकला, पण तलावातला गेला. शेवटचा झिंगा शकुनबाईने बारा वर्षांपूर्वी पाहिला होता. त्यानंतर नाही.

तलावाचं काय झालं ते सांगायला हवं. वरून धानाच्या बांध्यांतलं, म्हणजे खाचरांतलं, खताचं पाणी उतरायचं. एका घाटावर म्हशी उतरायच्या, दुसऱ्यावर धुण्याच्या पावडरचा फेस, तिसऱ्यावर रंगवलेल्या मूर्ती. काठाला सगळीकडे बेशरमाची झुडपं माजली. हळूहळू पाणी हिरवं झालं. हिरवं म्हणजे डोळ्यांना थंडावा देणारं नव्हे. पालकाची पातळ भाजी परसात सांडावी तसं. या हिरव्या सायीतून ऊन खाली जाईना. तळाशी पाण्यातलं जे गवत असायचं, ज्याला गावात चिला म्हणतात, ते अंधारात कुजलं. गवत गेलं तशी माशांना अंडी चिकटवायला जागा उरली नाही. अंड्यांमागे पिल्लं गेली, पिल्लांमागे पाणबदकं गेली. भादव्यात चार दिवस आभाळ भरून राहिलं की सोसायटीने सोडलेले रोहू आणि कतला सकाळी पाण्यावर येऊन आ वासून उभे राहायचे, जसे ऑक्सिजनच्या रांगेत. दुपारपर्यंत त्यांतले निम्मे उलटे. मजेत होते ते फक्त मरळ आणि मागुर, कारण ते वरची हवा पितात. "तलावात आता आपलेच नातेवाईक उरले," शकुनबाई म्हणायची.

पाणी मोजायचं तिचं स्वतःचं यंत्र होतं: जोडवं. पाण्यात उतरत जायचं आणि खाली बघायचं. लग्न होऊन आली तेव्हा मांडीभर पाण्यात उभं राहिलं तरी जोडव्यावरची नक्षी दिसायची. पुढे गुडघाभर पाण्यातच दिसायची, मग पोटरीभर. ज्या दिवशी घोटाभर पाण्यात जोडवं दिसेनासं झालं, त्या दिवशी घरी येऊन ती सुखरामला म्हणाली, "तलाव आंधळा झाला." सुखरामने मान हलवली. त्या मानेत पुष्कळ काही होतं.

अशा वेळी भंडाऱ्याहून एक ठेकेदार आला. त्याने चंद्रकुमारला स्कूटरवर बसवून हिंडवलं, चहा पाजला आणि योजना सांगितली. तलाव आमच्याकडे द्या. आम्ही त्यात कोंबडीखत टाकू, पंगास सोडू. पंगासला स्वच्छ पाणी लागत नाही, ऊन लागत नाही, गवत तर मुळीच लागत नाही. चंद्रकुमारला हे पटलं. मागुराला पंगासचं पटणारच.

सोसायटीच्या सभेत शकुनबाई उठली. "पान्याले औषध द्याचं सोडून तुमी बिमारीले चालेल असा मासा आनता? म्हनजे घरात धूर झाला तं खिडकी नोको उघडू, खोकला न येनारी बायको आन!"

"मंग तू सांग ना मामी, का कराचं?"

"गवत लावाचं."

सभा इतकी हसली की सुखरामसुद्धा हसला आणि मग घाबरून थांबला.

"मामी, लोक तलावातलं गवत काढतेत. तू लावते म्हनतेस?"

"सगळंच गवत एकसारखं रायते का रे? बेशरम बी हिरवा न पालक बी हिरवाच. जेवाले ये घरी, तुह्या ताटात बेशरम वाढते!"

शेवटी ठरलं असं. तलावाचा पश्चिमेकडचा उथळ कोपरा, साधारण चार बांध्यांएवढा, शकुनबाईकडे. मुदत दोन पावसाळे. दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर, गावच्या मंडईच्या जत्रेआधी, सगळे सभासद पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, येऊन बघतील. कोपऱ्यात नवा जीव दिसला तर सगळ्या तलावात तिची पद्धत. नाही दिसला तर तलाव ठेकेदाराचा, कोंबडीखतासकट. ठराव लिहिला, खाली सह्या झाल्या. शकुनबाईने अंगठा असा दाबला की तो मागच्या दोन पानांवर उमटला.

त्याच उन्हाळ्यात तृप्ती आली. भंडाऱ्याच्या कॉलेजात तलावांवर पीएच.डी. करणारी ही मुलगी. पाठीवर पिशवी, पिशवीत बाटल्या, गळ्यात दोरी आणि दोरीला एक काळी-पांढरी थाळी. डोंग्यातून ती थाळी पाण्यात सोडायची, दिसेनाशी झाली की दोरीला गाठ मारायची आणि वहीत लिहायचं, हे तिचं काम. शकुनबाईने पाळीवरून हे पाहिलं आणि डोळ्यांत चमक आली.

"काय वो माय, थाळी धुऊन रायली का?"

तृप्तीने समजावून सांगितलं. पाणी किती गढूळ, ऊन किती खोल जातं, ते यावरून कळतं. शकुनबाईने लुगडं खोचलं, शेजारी पाण्यात उतरली, जोडवं दिसेनासं झालं तिथे थांबली आणि म्हणाली, "आता तुही गाठ मोज." मोजलं. दोघींच्या मापात जेमतेम एका बोटाचा फरक.

"थाळी घरी विसरली तं मले बोलावजो," शकुनबाई म्हणाली. "मी पाय विसरत नाई."

मैत्री तिथेच जमली. पुढे तृप्ती आली की दोघी मिळून तळाचा चिखल काढत, चाळणीने चाळत आणि पांढऱ्या ताटात पसरत. त्या वेळी ताटात एकच गोष्ट वळवळायची: रक्तासारख्या लाल अळ्या.

"मावशी, यांच्या रक्तातच प्राणवायू धरून ठेवायची सोय असते," तृप्ती म्हणाली. "म्हणून जिथे दुसरं कोणी जगत नाही तिथे या मजेत असतात."

"म्हनजे चंद्रकुमार."

"कोण?"

"काई नाई. घरचं हाय."

मे महिन्यात पाणी उतरलं. शकुनबाईने बायका जमवल्या, कोपऱ्यातला बेशरम मुळासकट उपटला आणि कोरडा तळ नांगरून घेतला. पाऊस पडून गुडघाभर पाणी झाल्यावर तीन कोसांवरच्या एका चांगल्या बोडीतून, म्हणजे लहान तळ्यातून, चिला आणला, काठासाठी गाद नावाचं उंच गवत आणलं, आणि चिंब गोण्या डोक्यावर घेऊन सगळ्या पाण्यात उतरल्या. धानाचा रोवणा करणाऱ्या बायका त्या. वाकायचं, मूळ चिखलात खुपसायचं, पायाने दाबायचं आणि मागे सरकायचं. पाळीवरून जाणारा माणूस थांबून विचारायचा, "का लावून रायल्या वो?" आणि बायका सांगायच्या, "गवत." माणूस डोकं खाजवत पुढे जायचा.

सगळ्यात अवघड गेलं ते पुंडलिकराव काटेखायेंना हलवणं. त्यांच्या म्हशींचा घाट नेमका तिथेच. म्हशी बसायच्या आणि त्यांच्या शेजारी पुंडलिकरावही गळ्यापर्यंत पाण्यात बसायचे, उन्हाळाभर. शकुनबाई हात जोडून म्हणाली, "पुंडलिकराव, म्हशीले समजत नाई हे मले समजते. तुमी कायले गवतावर बसता?" त्यांना दुसरा घाट दिला. धुणंही तिकडे गेलं. बांध्यांतून उतरणाऱ्या खताच्या पाण्याला तोंडाशीच गाद गवताचा आडवा पट्टा लावला, म्हणजे खताचा पहिला घास गवताला आणि उरलंसुरलं तलावाला.

पहिलं वर्ष काहीच झालं नाही. गवत पिवळं पडलं. शकुनबाई रोज सकाळी जाऊन त्याच्याशी बोलायची आणि बगळे वैतागून पलीकडे जायचे. दुसऱ्या पावसाळ्यात मात्र गवताने मूळ धरलं ते धरलं. तळाचा गाळ मुळांनी आवळला, तो वर उठेना. कोपऱ्यातली हिरवी साय फाटू लागली. जोडवं पोटरीभर पाण्यात दिसलं, मग गुडघाभर. कार्तिकात एका सकाळी मांडीभर पाण्यात उभ्या शकुनबाईला आपल्याच जोडव्यावरची नक्षी दिसली आणि ती एवढ्या मोठ्याने ओरडली की पुंडलिकराव पंचा सावरत दुसऱ्या घाटावरून धावत आले, कोणी बुडालं समजून.

पण अडचण होती. सभासदांना जीव दिसायला हवा होता आणि दिसत होतं फक्त गवत. चिला इतका दाट की आत काय चाललंय ते तलावालाच माहीत. चतुर उडताना दिसायचे, पण चतुर काय कुठेही उडतात. ज्याच्यासाठी शकुनबाईने सगळा खटाटोप केला तो झिंगा तिला स्वतःलाही दिसला नव्हता. सभेच्या आदल्या आठवड्यात तिचं जेवण कमी झालं. आवाज तेवढाच राहिला.

सभेच्या दिवशी सकाळी ती ऑटोने अड्याळला गेली, तृप्तीला बसस्टँडवरून आणायला. एसटी उशिरा आली. तेवढ्या वेळात उमरटोलीत जे घडलं ते निव्वळ प्रेमापोटी घडलं, हे आधीच सांगून ठेवतो.

प्रफुल्ल रामटेके हा गावातला उत्साही तरुण. दोन वर्षं नागपूरला कंपनीत होता, दसऱ्याला कायमचा परत आला आणि आल्या आल्या समाजकार्याला लागला. त्याच्या अंगात एवढा उत्साह की त्याला नुसतं 'पाणी दे' म्हटलं तर तो पाणपोईचं उद्घाटन करेल. शकुनमावशी दोन वर्षांपासून तलाव साफ करते आणि आज सभासद बघायला येणार, एवढंच त्याने ऐकलं होतं. सकाळी तो पाळीवर आला, कोपरा बघितला आणि त्याचं काळीज तुटलं.

"अरे, बाकीच्या तलावात काई नाई न मावशीच्याच कोपऱ्यात एवढं गवत! बिचारीच्यानं होत नसन या वयात."

सोबतच्या चौदा पोट्ट्यांपैकी एकजण म्हणाला, "पन थे म्हने गवत मावशीनंच लावलं."

"गवत कोन लावते बे? चला, उतरा!"

सुखराम तिथेच पाळीवर जाळं विणत बसला होता. त्याने सगळं पाहिलं. थांबवायचं त्याच्या मनात आलं. पण सुखरामला एक वाक्य जुळवायला लागतो तेवढा वेळ चौदा पोट्टे आणि सात विळे यांच्याजवळ नव्हता. तो "अरे..." म्हणाला तेव्हा एक वाफा गेला होता. "अरे, थे..." म्हणाला तेव्हा निम्मा कोपरा. "अरे, थे लावलेलं..." हे शब्द बाहेर पडले तेव्हा प्रफुल्ल काठावर पाच फुटी ढिगाशेजारी फलक बांधत होता: 'स्वच्छ तलाव, सुंदर गाव'.

ऑटो पाळीवर चढला. शकुनबाई उतरली. समोर पश्चिमेचा कोपरा. काठावरची गाद विळ्याने साफ, आतला चिला उपसलेला, पाणी ढवळून तांबूस झालेलं. चहूबाजूंनी टाळ्या. प्रफुल्ल हार घेऊन पुढे आला.

"मावशी, सरप्राइज!"

शकुनबाईने तोंड उघडलं. काही बाहेर आलं नाही. उमरटोलीत हे पहिल्यांदाच घडत होतं. पलीकडचे बगळे जागच्या जागी उभे राहून इकडे बघू लागले.

"हे... हे तर दोन वर्षांचं..." तृप्तीच्या हातातली पिशवी खाली पडली.

प्रफुल्लला अजून कळलं नव्हतं. "थांबा, अजून बाकी हाय," म्हणत त्याने ग्रामपंचायतीतून आणलेलं ब्लीचिंग पावडरचं पोतं पाण्याकडे ओढायला घेतलं. तेवढं मात्र शकुनबाईला दिसलं. ती गेली आणि त्या पोत्यावर बसली. नुसती बसली, घट्ट.

आणि नेमके त्याच वेळी सभासद आले. सगळ्यांत पुढे काखेत ठरावाचं रजिस्टर घेतलेला चंद्रकुमार, मागे चाळीसेक माणसं आणि बायका, पुंडलिकरावही. चंद्रकुमार कोपऱ्याकडे बघत राहिला. माणूस मनाचा वाईट नाही. त्याचाही चेहरा उतरला.

"मामी," तो हळू आवाजात म्हणाला, "आता का दाखवतेस? इथे तं काहीच नाई."

प्रफुल्लला तृप्तीने दोन वाक्यांत सांगितलं. त्याच्या हातातला हार आपोआप खाली आला. "मावशी, मले मारा," तो म्हणाला. "इथेच मारा. सगळ्याइच्या समोर मारा."

शकुनबाईने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती पोत्यावर बसून त्या ढिगाकडे बघत होती. दोन पावसाळे त्या ढिगात पडले होते. चंद्रकुमारने नाइलाजाने रजिस्टर उघडलं. पेनचं टोपण काढलं. सगळे गप्प झाले.

आणि त्या शांततेत आवाज आला. टिक. टिक टिक. तव्यावर लाह्या फुटू लागाव्या तसा. आधी वाटलं ऊन लागून गवत तडकतंय. पण ओलं गवत तडकत नाही. शकुनबाईने मान वाकडी केली. पोत्यावरून उठली. ढिगाजवळ गेली, गुडघे टेकले आणि कोपरापर्यंत हात त्या चिल्यात घातला. मूठ बाहेर काढली, उघडली.

तळहातावर काचेचा तुकडा पडला होता. तो तुकडा उडाला, तिच्या नाकाला लागला आणि परत ढिगात पडला.

"झिंगाऽऽ!"

बगळे उडाले. पलीकडचे उडाले, त्याच्या पलीकडचे उडाले. पार कोंढा गावापर्यंत कुठे बगळा बसलेला राहिला नसेल.

"झिंगा हाय रे! बारा वर्षांनं! तृप्ती, ये ना वो माय! अजी, या ना!" सुखराम आधीच येऊन पोहोचला होता.

पुढचं सगळं एकदम झालं. तृप्तीने तो स्वच्छ तलावाचा फलक ओढून काढला, उलटा करून पांढरी बाजू वर केली आणि जमिनीवर अंथरला. दोघींनी कवळाभर चिला उचलून त्यावर झटकला. आणि फलक जिवंत झाला! झिंगे उड्या मारू लागले, एक नाही, दोन नाही, कोणी मोजायच्या भानगडीतच पडलं नाही. चतुराची पिल्लं, जी उडायच्या आधी पाण्यातच राहतात, ती आपले वाकडे जबडे सावरत चालू लागली. नखाएवढ्या गोगलगायी. पाठीवर पोहणारे किडे, जे जमिनीवरही उलटेच पोहायचा प्रयत्न करत होते. पानांच्या खाली साबुदाण्यासारखी अंडी. आणि कोणाचीतरी पिल्लं, सुईएवढी, चांदीसारखी, फडफडणारी.

"हे सगळं इथे होतं?" चंद्रकुमार रजिस्टर खाली ठेवून चार पायांवर आला होता. अध्यक्षांना त्या अवस्थेत कोणी पाहिलं नव्हतं.

"तू कवाडाच्या बाहेरून घर बघत होतास, बाप्पा," शकुनबाई म्हणाली. "आत कोन रायते थे कसं दिसन?"

तृप्ती धावत गेली आणि कोपऱ्याबाहेरच्या तलावातला पोहराभर चिखल घेऊन आली. तोही फलकावर, शेजारीच ओतला. सगळे वाकले. त्यात लाल अळ्या. फक्त लाल अळ्या. त्यांतली एक चंद्रकुमारच्या बोटावर चढली.

"याइले पंगासच्या जोडीनं ठेवाचं होतं तुमाले," शकुनबाई म्हणाली.

पुंडलिकराव चष्मा पुसून परत परत बघत होते. "आमच्या म्हशी हटवल्या म्हनून हे आलं का वो?"

"म्हशीच्यानं नाई. तुमी हटले म्हनून."

हशा पिकला, पण शकुनबाई हसली नाही. ती एकदम ताठ झाली. ऊन चढत होतं. ढिगातल्या लाह्यांचा आवाज विरळ होऊ लागला होता.

"आता बघत का रायले? मरून रायले ना थे! उचला! सगळे उचला! प्रफुल्ल, तुह्या पोट्ट्याइले घे पुढे. मुळं तोडू नोका, लेकरासारखं धरा!"

मग जे झालं त्याला सभा म्हणावी की रोवणा, हे उमरटोलीत अजून ठरलेलं नाही. चाळीस सभासद, चौदा पोट्टे, धोतर खोचलेले पुंडलिकराव, पॅन्ट गुडघ्यावर घेतलेली तृप्ती, सगळे कवळे कवळे घेऊन पाण्यात. बायकांनी रांग धरली, पुरुषांना मध्ये घेतलं आणि शिकवू लागल्या. खुशबू सासूच्या वरताण ओरडत होती आणि कोणी पाणी खराब झाल्याचं म्हणत नव्हतं. प्रफुल्ल तर असा वाकला होता की दुपारपर्यंत त्याने मान वर काढली नाही. बहुधा शरमेने, पण काम दोन माणसांचं केलं. विळ्याने कापली गेलेली गाद गेलीच. पण चिला बहुतेक मुळासकट आलेला होता आणि पाण्यात पडताच पसरून हलू लागला.

चंद्रकुमार छातीशी रजिस्टर धरून मांडीभर पाण्यात उभा होता, एका पायाखाली त्याला नेमून दिलेली जुडी. त्याला नियमाने चालायची सवय. "ठराव वाचतो," तो ओरडला. "सगळ्या तलावात शकुनबाईच्या पद्धतीनं गवत लावाचं, ठेकेदाराले नाई म्हनाचं. मंजूर असन त्यानं हात वर करा!"

पाच-सहा जणांनी हात वर केले. त्यांच्याबरोबर त्यांचं गवतही वर आलं आणि तरंगत निघालं.

"हात खाली ठेवा!" शकुनबाई किंचाळली. "मूर्खाइनो, गवत चाललं! तोंडानं बोला!"

"मंजूऽऽर!" तलाव दणाणला.

काठावर काढून ठेवलेल्या शर्टात चंद्रकुमारचा फोन वाजत होता. ठेकेदारच असणार, अकरा वाजता निकाल सांगतो असं त्याला कबूल केलं होतं. फोन वाजून वाजून थांबला, परत वाजला. उचलायला काठावर कोणी नव्हतंच. सगळा गाव पाण्यात.

दुपारी ढीग संपला. एकेक जण चिखलाचे पाय घेऊन पाळीवर चढला. चंद्रकुमार तेवढा आत उभा. त्याची जुडी सगळ्यात मोठी आणि हलकी होती. पाय जरा सैल केला की वर यायला बघायची.

"मामी, किती वेळ दाबून ठेवाचं?"

"मूळ धरेपर्यंत."

"म्हनजे केव्हा?"

"दहा-बारा दिवस."

चंद्रकुमारने रडवेल्या चेहऱ्याने पाळीकडे बघितलं. पाय मात्र उचलला नाही. खरंच उचलला नाही. अध्यक्ष पश्चिमेच्या कोपऱ्यात, आपल्या पायाची बोटं दिसतात का ते पाण्यात निरखून बघत, अर्धा तास तसाच उभा राहिला. मग खुशबू एक चांगला चपटा दगड घेऊन पाण्यात उतरली आणि त्याच्या पायाच्या जागी तो ठेवून तिने त्याची सुटका केली.